५० रुपयांचा गुन्हा

(पडद्यावर: गोठा, दावण, कानात पिवळा बिल्ला असलेली कालवड.)

१ जुलै २०२४ ला भारतीय दंड संहिता गेली आणि भारतीय न्याय संहिता लागू झाली. जुन्या संहितेतलं कलम ३७७ नव्या संहितेत आलं नाही. या कलमावर देशात कित्येक वर्षं वाद झाला, तो माणसांच्या खाजगी संबंधांवरून. पण त्याच कलमात प्राण्यांचाही उल्लेख होता. प्राण्याशी संभोग करणाऱ्याला जन्मठेप किंवा १० वर्षांपर्यंत कैद आणि शिवाय दंड, ही तरतूद १८६० पासून होती. ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधले संमतीचे संबंध या कलमातून बाहेर काढले. ते योग्यच झालं. त्या वेळी न्यायालयाने प्राण्यांचा भाग मात्र जागेवर ठेवला होता. नव्या संहितेत तो उरला नाही. विधेयक संसदेत असताना गृह खात्याच्या स्थायी समितीने हे संरक्षण परत घालायला सांगितलं होतं. ते घातलं गेलं नाही.

म्हणजे आज कुणी शेजाऱ्याच्या शेळीवर, वासरावर किंवा गल्लीतल्या कुत्रीवर लैंगिक अत्याचार केला, तर त्या कृत्याचं नाव घेणारं एकही कलम न्याय संहितेत नाही. उरतो तो १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा. त्यातलं कलम ११ प्राण्याला विनाकारण वेदना देण्याबद्दल आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये. तीन वर्षांच्या आत पुन्हा गुन्हा केला, तर २५ ते १०० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. हे आकडे कित्येक दशकं बदललेले नाहीत.

याच कायद्याचं कलम १२ पाहा. जास्त दूध निघावं म्हणून गाई-म्हशीच्या जननमार्गात हवा किंवा कुठला पदार्थ घालणं, ज्याला फुका म्हणतात, त्याला १,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन वर्षांपर्यंत कैद आहे, आणि तो गुन्हा दखलपात्र आहे. तोच अवयव आणि तीच गाय. दुधासाठी छळ झाला तर पोलीस थेट कारवाई करू शकतात. वासनेसाठी झाला तर कलम ११ एकट्याने लावल्यावर पोलिसांना तपासासाठीही आधी दंडाधिकाऱ्यांची परवानगी लागते.

(पडद्यावर: सह्याद्रीचं जंगल, झाडाला बांधलेला कॅमेरा.)

मार्च २०२२ मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत गोठणे गावाजवळ शिकारीसाठी घुसलेली माणसं जंगलातल्या कॅमेऱ्यांत दिसली. वनखात्याने चौघांना पकडलं. त्यांच्यापैकी एकाच्या मोबाइलमध्ये घोरपडीवर अत्याचार करतानाचं चित्रण सापडलं. घोरपड वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. तिला नुसतं पकडणं हीसुद्धा कायद्याच्या भाषेत शिकार ठरते आणि त्याला तीन ते सात वर्षांची कैद आहे. त्यामुळे त्या प्रकरणात कायदा लंगडा पडला नाही. आपल्या अंगणात, आपल्या हातचं खाऊन जगणाऱ्या जनावराला मात्र हे कवच नाही. जंगली प्राण्याला तो दुर्मीळ म्हणून संरक्षण मिळतं. पाळीव प्राण्याला तो सोसतो म्हणून मिळायला हवं, आणि तिथेच कायदा तोकडा पडतो.

हे संरक्षण कशाच्या पायावर उभं करायचं? १८६० च्या कलमाचा पाया होता निसर्गक्रम. जे निसर्गाविरुद्ध ते पाप, म्हणून गुन्हा. त्या मांडणीत प्राण्याला काय सोसावं लागलं याला जागाच नव्हती. जुन्या काळात युरोपातल्या न्यायालयांनी अशा खटल्यांत माणसाबरोबर जनावरालाही देहदंड दिलेला आहे. पाया चुकला की न्याय कुठे जातो, ते त्यावरून दिसतं.

खरा पाया आहे संमती. संमतीला चार गोष्टी लागतात. काय होतंय ते कळलं पाहिजे. त्याचा अर्थ आणि परिणाम कळले पाहिजेत. नाही म्हणता आलं पाहिजे. आणि नाही म्हटल्यावर काही न गमावता तिथून निघून जाता आलं पाहिजे. दाव्याला बांधलेली, वेसण घातलेली किंवा खोड्यात अडकवलेली गाय यातलं काय करू शकते? कुत्री मोकळी असली तरी जो हात अत्याचार करतो तोच तिला भाकरी घालतो. ‘ती गप्प उभी होती’, ‘तिने चावलं नाही’, ही वाक्यं पोलीस ठाण्यात हमखास ऐकू येतात. घाबरलेला प्राणी पुष्कळदा थिजतो. कान मागे, शेपूट पायात, अंग ताठ, आणि आवाज नाही. ती भीती असते, तिला होकार समजू नका. आणि एखादं जनावर घाबरलेलं दिसलं नाही, म्हणूनही त्याने होकार दिला असं होत नाही, कारण ज्याचा अर्थच कळत नाही त्याला होकार देता येत नाही.

इथे एक प्रश्न येतो आणि तो टाळू नये. कृत्रिम रेतनाला गाईची संमती कोण विचारतो? गर्भ तपासताना डॉक्टर खांद्यापर्यंत हात घालतात, तेव्हा? उत्तर असं की तिथेही संमती नसते. म्हणूनच तिथे हेतू, गरज, कौशल्य आणि वेदना यांचा हिशेब द्यावा लागतो. वंगण न लावता, एकाच गाईवर शिकाऊ लोकांचे हात पुन्हा पुन्हा घालणं हे क्रौर्यच आहे आणि त्याबद्दल बोललं गेलं पाहिजे. पण उपचार किंवा पैदास हा हेतू असलेलं कृत्य आणि स्वतःच्या लैंगिक सुखासाठी केलेलं कृत्य यांच्यात फरक करता येतो. अमेरिकेच्या २०१९ च्या केंद्रीय कायद्याने तो केला आहे. नेहमीचे पशुवैद्यकीय उपचार आणि पशुपालनाची कामं त्यातून वगळली आहेत, बाकी कृत्यांना सात वर्षांपर्यंत कैद आहे.

व्याख्या कशी करायची हे कॅनडाकडून शिकावं. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने जून २०१६ मध्ये निकाल दिला की जुन्या कलमाचा अर्थ फक्त प्रवेश असा होतो, बाकी लैंगिक वापर त्यात बसत नाही. त्या खटल्यात एका मुलीला कुत्र्याबरोबर वापरलं गेलं होतं, आणि त्या एका आरोपातून आरोपी सुटला. २०१९ मध्ये संसदेने व्याख्या बदलली. आता तिथे लैंगिक हेतूने प्राण्याशी केलेला कोणताही संपर्क गुन्हा आहे. जर्मनीने १९६९ मध्ये हा गुन्हा रद्द केला होता. २०१३ मध्ये प्राणी संरक्षण कायद्यातून तो परत आणला, पण प्राण्याला त्याच्या जातीला न साजेसं वागायला भाग पाडलं अशी अट घातली आणि शिक्षा ठेवली फक्त दंडाची, २५,००० युरोपर्यंत. डेन्मार्कने २०१५ मध्ये थेट बंदी आणली. तिथलं जुनं धोरण होतं की इजा झाली तर क्रूरतेचं कलम आहेच. अडचण अशी की इजा पुष्कळदा दिसतच नाही, विशेषतः गाय, म्हैस, घोडी अशा मोठ्या जनावरांत.

आपल्याकडे नोव्हेंबर २०२२ मध्ये केंद्राने प्राणी क्रूरता कायद्याच्या दुरुस्तीचा मसुदा सूचनांसाठी खुला केला. त्यात प्राण्याशी लैंगिक संबंध हा भीषण क्रूरतेत धरलेला होता आणि तीन वर्षांपर्यंत कैद सुचवलेली होती. तो मसुदा कायदा झालेला नाही. म्हणून आजचं प्रकरण आहे त्या कलमांच्या तुकड्यांतूनच उभं करावं लागतं. आणि ते उभं राहतं की कोसळतं, हे बहुतेक वेळा पहिल्या काही तासांत ठरतं.

(पडद्यावर: तालुक्याचा पशुवैद्यकीय दवाखाना. टेबलावर कागदी पाकिटं, कापसाचे स्वॅब, मोजपट्टी.)

प्राणी सापडला की लोक पहिली चूक मायेपोटी करतात, त्याला धुतात. जखमेवर हळद भरतात, टर्पेंटाइन ओततात, डेटॉलने पुसून काढतात. आरोपीचा डीएनए तिथेच वाहून जातो. रक्त वाहत असेल तर स्वच्छ सुती कापड नुसतं दाबून धरा, आणि ते कापड टाकू नका, तो पुरावा आहे. कुत्री किंवा मांजर स्वतःला चाटते, त्यानेही पुरावा जातो. म्हणून तिच्या गळ्यात शंकूच्या आकाराची कॉलर घाला. स्वच्छ चादरीत गुंडाळून न्या आणि ती चादरही जपून ठेवा. दोरी, पोतं, जमिनीवरचा पेंढा, सापडलेले कपडे, प्रत्येक वस्तू वेगळ्या कागदी पिशवीत ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत ओल कोंडते, बुरशी येते आणि डीएनए कुजतो. गाय किंवा शेळी असेल तर तिला हलवू नका. १९६२ वर फोन करून फिरतं पशुवैद्यकीय पथक बोलवा, किंवा पशुधन विकास अधिकाऱ्यांना जागेवर आणा.

दुसरी चूक दवाखान्यात होते, तीही सवयीने. जनावर आलं की आधी ताप बघायचा, आणि थर्मामीटर जातो गुदद्वारात. अशा प्रकरणात स्वॅब आधी, थर्मामीटर नंतर. क्रम असा ठेवावा. आधी छायाचित्रं: पूर्ण जनावर, चेहरा किंवा कानातल्या बिल्ल्याचा १२ अंकी क्रमांक दिसेल असं, मग मागचा भाग, मग मोजपट्टी ठेवून प्रत्येक जखम जवळून. केस कापण्याआधी एकदा आणि कापल्यावर पुन्हा. मग स्वॅब: बाहेरची त्वचा, शेपटीची खालची बाजू, योनिमार्ग, गुदमार्ग, प्रत्येक जागेचे दोन, आणि प्रत्येक जागेला हातमोजे बदलून. कोरड्या जागेसाठी स्वॅब निर्जंतुक सलाइनच्या थेंबाने ओला करायचा. कुत्र्याने ओरबाडलं असण्याची शक्यता असेल तर नखांखालचा मळही घ्यायचा. प्राण्याच्या स्वतःच्या रक्ताचा नमुना वेगळा, म्हणजे प्रयोगशाळेला प्राण्याचा आणि माणसाचा डीएनए वेगळा काढता येतो. स्वॅब सावलीत हवेवर वाळवून कागदी पाकिटात घालावेत. पाकिटावर प्राण्याची ओळख, जागा, तारीख, वेळ, घेणाऱ्याची सही आणि लाखेचं सील. पाकीट कुणाकडून कुणाकडे गेलं याची नोंद कुठेही तुटू देऊ नये. मधल्या एका रात्री पाकीट कुणाच्या ताब्यात होतं हे सांगता आलं नाही, तर बचावाचा वकील नेमका तिथेच शिरतो.

आतली तपासणी शामक औषध देऊन करावी. शुद्धीत असलेल्या घाबरलेल्या जनावराला चार जणांनी दाबून धरणं म्हणजे त्याच्यावर तोच प्रसंग पुन्हा आणणं. योनी आणि गुदमार्गाच्या भिंती फाटलेल्या असू शकतात, आत काठी किंवा बाटलीचा तुकडा राहिलेला असू शकतो, म्हणून पोटाचा आणि कटिभागाचा एक्स-रे काढावा. पिल्लं, करडं, कोंबड्या यांच्या शरीराच्या मानाने इजा फार मोठी असते. आतडं फाटून पोटात जंतुसंसर्ग झाला तर मृत्यू एक-दोन दिवसांनीही येतो, त्यामुळे पहिल्या दिवशी उभं राहिलेलं पिल्लू वाचलं असं धरू नये.

प्राणी दगावला तर पुरू नका आणि गोठवूही नका. गोठल्यावर पेशी फुटतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली जखम ताजी की जुनी हे सांगणं अवघड होतं. ४ अंश सेल्सियसच्या आसपास ठेवून २४ तासांच्या आत शवविच्छेदन करावं. तिथेही स्वॅब आधी, चाकू नंतर.

आता एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी. मागून रक्त येतंय म्हणजे अत्याचारच झाला, असं नाही. कुत्री माजावर असते तेव्हा रक्तस्राव होतो. रस्त्यावरच्या कुत्र्यांमध्ये समागमातून पसरणारी गाठ असते, ती फुलकोबीसारखी वाढते आणि सतत रक्त गाळते. गर्भाशयात पू होणं, अंग बाहेर येणं, गुदग्रंथी फुटणं, जखमेत अळ्या पडणं, अडलेल्या बाळंतपणात ओढाताण होणं, या सगळ्यांत दृश्य तसंच भयानक असतं. गाठीचा फोटो ‘बलात्कार’ म्हणून फिरतो, गल्लीतल्या एखाद्या गरीब माणसावर जमाव तुटून पडतो आणि खऱ्या प्रकरणांवरचाही विश्वास उडतो. उलट बाजूने, जखम नाही म्हणजे काही झालंच नाही, असंही नाही. म्हणून डॉक्टरांच्या अहवालात निष्कर्षाआधी निरीक्षण हवं: कुठे, किती सेंटिमीटर, ताजी की भरत आलेली, आणि कोणते आजार तपासून वगळले. जखमेचं हे रूप कशाशी जुळतं आणि कशाशी जुळत नाही, एवढं स्पष्ट लिहिलेला अहवाल न्यायालयात टिकतो.

(पडद्यावर: पोलीस ठाण्याची पायरी, हातात लिहिलेला अर्ज.)

तक्रार लेखी द्या आणि त्यात फक्त कलम ११ लिहून थांबू नका. न्याय संहितेचं कलम ३२५ प्राण्याला ठार मारणं, विष घालणं, अपंग किंवा निकामी करणं याबद्दल आहे. त्याला पाच वर्षांपर्यंत कैद आहे आणि ते दखलपात्र आहे. जुन्या कायद्यात प्राण्याची किंमत किती यावर कलम ठरायचं, आता ती अट गेली. पण या कलमाच्या दोन कमजोर जागा आहेत. एक, कायमचं नुकसान दाखवावं लागतं. म्हणून डॉक्टरांना विनंती करा की गाय पुन्हा गाभण राहू शकेल का, अवयव पूर्ववत होईल का, हे प्रमाणपत्रात लिहावं. दुसरी, हे कलम मुळात दुसऱ्याचं नुकसान करण्याबद्दल आहे. मालकानेच स्वतःच्या जनावरावर अत्याचार केला, तर ते नीट बसत नाही. भटक्या कुत्र्याच्या बाबतीत, नुकसान कुणाचं, हा वाद घातला जातो.

आरोपी दुसऱ्याच्या गोठ्यात शिरला असेल तर गृह-अतिक्रमणाचं कलम ३२९ लागतं, कारण मालमत्ता ठेवायची इमारतही त्यात येते. उघड्यावर घडलं असेल तर अश्लील कृत्याचं कलम २९६. यातलं एक जरी दखलपात्र कलम लागलं, तरी नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे तपास आणि खटल्याची पद्धत ठरवणाऱ्या नव्या कायद्याच्या, कलम १७४ प्रमाणे सगळं प्रकरण दखलपात्र धरलं जातं आणि पोलिसांना कलम ११ चाही तपास करता येतो. ठाणे अंमलदार ‘ही एनसी आहे’, म्हणजे अदखलपात्र आहे, असं म्हणाले, तर नम्रपणे नेमकं हे कलम दाखवा. तरीही नोंद झाली नाही तर पोलीस अधीक्षकांना लेखी अर्ज, आणि मग कलम १७५ खाली दंडाधिकाऱ्यांकडे. दिवस मोजत राहा. प्राणी क्रूरता कायद्याखालचा खटला घटनेपासून तीन महिन्यांच्या आत दाखल व्हावा लागतो. घटना १ जुलै २०२४ च्या आधीची असेल तर जुनं कलम ३७७ च लागतं, ते मागायला विसरू नका.

सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक पथकाने घटनास्थळी येणं नागरिक सुरक्षा संहितेने बंधनकारक केलं आहे. इथे शिक्षा कमी असल्याने ते पथक आपोआप येणार नाही. आरोपीची वैद्यकीय तपासणी, त्याच्या कपड्यांवरचे प्राण्याचे केस, नमुने न्यायसहायक प्रयोगशाळेत पाठवणं, यातलं प्रत्येक काम तक्रारीत नाव घेऊन मागावं लागतं. आरोपीला जमावाने चोप दिला की हाच पुरावा जातो. कपडे फाटतात, त्याच्या अंगावरचे ओरखडे कुत्रीचे की लोकांचे हे सांगता येत नाही, आणि मारहाणीची उलटी तक्रार तेवढी दाखल होते.

घटनेची चित्रफीत हाती आली तर ती कुणालाही पुढे पाठवू नका, जागृतीच्या नावाखालीही नाही. असा मजकूर प्रसारित करणं हाच माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ आणि ६७-अ खाली गुन्हा ठरू शकतो. ज्या फोनमध्ये मूळ फीत आहे तो तसाच पोलिसांना द्या, कारण व्हॉट्सॲपवरून फिरलेल्या प्रतीत चित्रणाची तारीख, वेळ आणि जागा उरत नाही. न्यायालयात फीत टिकायला साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं. चित्रणात लहान मूल दिसत असेल, किंवा मुलाला हे करायला किंवा पाहायला लावल्याचा संशय असेल, तर पोक्सो कायदा लागतो, आणि मग कळवणं ऐच्छिक राहत नाही. प्राण्याला वापरणारा माणूस घरातल्या मुलांपर्यंत पोचलेला असू शकतो. अमेरिकेची केंद्रीय तपास संस्था २०१६ पासून प्राण्यांवरचा लैंगिक अत्याचार गुन्ह्यांच्या नोंदीत वेगळा धरते, त्यामागे हे कारणही आहे.

(पडद्यावर: पांजरपोळ. चारा खाणारी शेळी, थोड्या अंतरावर बसलेली काळजीवाहू बाई.)

तपास चालू असताना जनावर कुठे राहणार, हा प्रश्न बहुतेक तक्रारींत राहूनच जातो. अब्रूच्या भीतीने मालक ते पुढच्या बाजारात विकून टाकतो आणि पुरावा, पीडित दोन्ही एकदम नाहीसे होतात. किंवा आरोपीच मालक असतो, जामिनावर घरी येतो, आणि जनावर त्याच्याच दावणीला असतं. म्हणून पहिल्याच तारखेला दंडाधिकाऱ्यांकडे ताब्याचा अर्ज द्यावा. प्राणी क्रूरता कायद्याचं कलम ३५ उपचारगृहात किंवा पांजरपोळात ठेवण्याचे आदेश द्यायला मुभा देतं. खटला चालू असताना जनावराचा सांभाळ आणि त्याचा खर्च कसा, हे २०१७ च्या नियमांत आहे. अर्जात प्राण्याचं वर्णन, बिल्ल्याचा क्रमांक, डॉक्टरांचा अहवाल, सांभाळायला तयार असलेल्या संस्थेचं संमतिपत्र आणि रोजच्या चारा-औषधाचा अंदाजे खर्च जोडावा. जिल्ह्याच्या प्राणी क्लेश प्रतिबंधक सोसायटीला त्याची प्रत द्यावी. आरोपी दोषी ठरला तर कलम २९ खाली त्याची मालकी काढून घेण्याची आणि त्याला पुढे कोणताही प्राणी बाळगायला मनाई करण्याची मागणी सरकारी वकिलांकडून करून घ्यावी. दंडाची रक्कम ५० रुपयेच राहिली, तरी कलमातल्या अटी पूर्ण होत असतील तर ही मनाई न्यायालयाला घालता येते. त्यातली एक अट अशी की ही मागणी करणार असल्याचं मूळ तक्रारीतच लिहिलेलं असावं लागतं.